भिंतीतलं पांढरं तोंड

“भ्रम म्हणतात याला,” दादा म्हणाला, आणि बशीत सांडलेला चहा त्याने परत कपात ओतून घेतला. आज हवा बरी आहे असं सांगावं, तसल्या आवाजात.

फोटोबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई आतल्या खोलीत खिडकीपाशी बसलेली, मधलं दार सताड उघडं, आणि हा पठ्ठ्या आईच्याच घरात, आईच्याच कपातून चहा पीत, आईच्याच डोक्याचा पंचनामा करतोय!

“हळू बोल,” ती म्हणाली. “तिचा खुबा मोडला होता, कान नाही.”

“मी कुठे ओरडतोय? पण तूच सांग, भिंतीत कोणाचं तोंड असतं का? पांढरं तोंड! रोज संध्याकाळी बघतं म्हणे तिच्याकडे. आणि भिंत घोरते म्हणे. भिंत!”

“घुबड असेल म्हणतेय ती.”

“परवा तोंड म्हणत होती, आज घुबड म्हणतेय. उद्या म्हणेल, तुमचे बाबा आलेत, पानं वाढा.”

बाबांना जाऊन किती वर्षं झाली! आणि त्यांचं नाव या असल्या चेष्टेत? फोटोबाईला वाटलं, हातातली किटली ठेवावी याच्या डोक्यावर. पण किटली गरम होती आणि दादा वडीलभाऊ होता, तेव्हा ती गप्प बसली. मूग गिळून बसणं हे त्या घरातल्या बायकांना चांगलंच जमायचं, फक्त आई सोडून.

आता ही भिंत कोणती ते सांगायला हवं. आईच्या खिडकीसमोर, मधे एक अरुंद बोळ सोडून, बंद पडलेल्या छापखान्याची पाठभिंत होती. वर, छपराच्या जरा खाली, एक गोल भोक. पूर्वी तिथे हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा होता. छापखाना बंद झाल्यावर तो कोणीतरी काढून नेला आणि भोक तसंच राहिलं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईचा सगळा दिवस त्या खिडकीत जायचा. बाई हुशार. तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली, नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखणारी. म्हणून तिला आधी आवाज ऐकू आला. कोणीतरी भिंतीच्या आत घोरतंय, मधेच फिस्स करतंय. मग एके दिवशी ऊन उतरल्यावर त्या भोकात तोंड दिसलं. पांढरं, बदामाच्या आकाराचं, काळ्या डोळ्यांचं.

तिने ते सरळपणाने फोनवर मुलाला सांगितलं. तिथेच चुकलं! मुलगा विमा कंपनीत. लोक भरपाई मागतात, आणि ती कशी द्यायची नाही हे शोधून काढायचं, हा त्याचा धंदा. गाडी ठोकली? फोटो दाखवा. छप्पर उडालं? उडायच्या आधीचा फोटो दाखवा. त्या नोकरीत राहून राहून त्याला खरं बोलणाऱ्या माणसाचाच जास्त संशय यायचा.

“दिवसभर ती एकटी असते,” दादा आता अगदी शहाण्यासारखा बोलायला लागला. “तू कामावर. उद्या त्या तोंडाला भेटायला म्हणून खिडकीतून वाकली तर? मग तू आयुष्यभर रडत बसशील आणि मीही. तुझ्या वहिनीने आणि मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. मोकळी हवा, बाग आहे, माणसं आहेत.” आणि त्याने पिशवीतून चकचकीत रंगीत पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. मुखपृष्ठावर एक आजी आजोबांकडे बघून अशी हसत होती की जणू कालच दोघांचं लग्न ठरलंय.

“आईच्या डोक्याला काही झालेलं नाही,” फोटोबाई म्हणाली.

“मग सिद्ध कर. फोटोबाई ना तू? काढ त्या घुबडाचा फोटो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी येतो. फोटो दाखवलास तर मी या विषयावर तोंड उघडणार नाही. नाही दाखवलास तर मात्र आईची बॅग भरायची.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “बघच तू.”

असं ती रागाच्या भरात बोलून गेली. आतल्या खोलीत आईने खुर्ची जराशी खिडकीकडे सरकवल्याचा आवाज आला.

फोटोबाई हे नाव तिला रुग्णांनी दिलेलं. सरकारी रुग्णालयाच्या तळघरात एक्स-रेचा विभाग, तिथे ती नोकरीला लागली तेव्हा तिच्या वेणीला रिबन होती असं जुने वॉर्डबॉय सांगायचे. आता केस पिकले तरी ती तिथेच. लोक एक्स-रे म्हणत नाहीत, फोटो म्हणतात. छातीचा फोटो, पायाचा फोटो. म्हणून ती फोटोबाई. आणि तिच्या मागे तिच्या बोलण्याची नक्कल चाले: “श्वास घ्या. रोखा. हलू नका. हलू नका म्हटलं ना! सोडा.” आयुष्यभर ती लोकांना हलू नका म्हणत आली. भाजीवाला तराजू धरून उभा असला तरी तिच्या तोंडात तेच यायचं.

आणि एक तिचा नियम होता. फोटो बघितल्याशिवाय ती कोणाचंच काही मानायची नाही. त्याला कारणही होतं. एकदा एक गवंडी हसत, शीळ घालत आला, ‘मनगट जरा दुखतंय’ म्हणाला, आणि फोटोत बघावं तर हाडाचे दोन तुकडे. त्याच दिवशी एक गृहस्थ सगळं तळघर डोक्यावर घेत आले, मेलो मेलो करत, आणि फोटो असा स्वच्छ की पुस्तकात छापावा. तेव्हापासून कोणी काही सांगायला लागलं की फोटोबाईचं ठरलेलं उत्तर: “तुम्ही नका सांगू. फोटो सांगेल.” आई पडली तेव्हा तिच्या खुब्याचा फोटोही हिनेच काढला. आई टेबलावर विव्हळत होती, आणि मुलगी सांगत होती, “आई, हलू नकोस.”

तर अशा बाईला एका घुबडाचा फोटो काढणं म्हणजे काय मोठंसं? असं तिलाही वाटलं होतं.

खालच्या मजल्यावर लग्नांचे फोटो काढणारा एकजण राहायचा. त्याच्याकडून तिने कॅमेरा मागून आणला, तिपाईसकट. सोबत त्याने एक लांब वायर दिली, टोकाला बटण. कॅमेऱ्याला हात न लावता लांबून फोटो काढता येतो. ते बटण बघून फोटोबाईचा चेहरा खुलला. कामावरही तसंच असतं, यंत्र एकीकडे, बटण भिंतीआड. तिने सहकारिणीच्या विनवण्या करून संध्याकाळची पाळी सकाळची करून घेतली, आणि घरी येऊन तयारीला लागली.

तयारी म्हणजे काय, आईला ऑपरेशनला घेतात की काय असा थाट! तिपाई मोजूनमापून लावली. आईची खुर्ची बाजूला सरकवली. पडदा पिनांनी टाचला. आणि ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तसं बटण हातात घेऊन फोटोबाई गेली कुठे, तर मधल्या दाराआड, भिंतीच्या पलीकडे!

“अगं, तिथे काय करतेस?” आईने विचारलं.

“तुला दिसलं की ‘आलं’ म्हण. मी दाबते.”

“पण तिथून तुला काय दिसणार? इथे ये, माझ्याजवळ बस.”

“माणूस दिसलं की ते बुजेल.”

“मी कोण आहे मग, कपाट?”

खरं कारण वेगळंच होतं आणि ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं बोट बटणावर गेलं की पाय भिंतीआड गेलेले. किरण अंगावर घ्यायचे नसतात, हे अंगात इतकं भिनलेलं की आता पाय विचारायलाच थांबत नव्हते.

“आलं!” आई म्हणाली. फोटोबाईने दाबलं. लख्ख उजेड पडला, आणि ती धावत आत आली तोवर भोक रिकामं. फोटोत काय आलं? खिडकीच्या काचेत कॅमेऱ्याचा स्वतःचाच झोत, ढगासारखा.

दुसऱ्या दिवशी काच उघडली, झोत बंद केला. “आलं, आलं!” आई ओरडली, आणि उत्साहाच्या भरात तिने बोट दाखवलं. फोटोत बोटच आलं, मोठं, सुरकुतलेलं, अंगठीसकट. फोटोबाई वैतागली. “हलू नकोस म्हटलं होतं ना?” आई म्हणाली, “मी हलू नको, त्यानेही हलू नये, मग त्या भिंतीलाच सांग, फोटोला उभी राहा म्हणून.”

पुढचे दिवस असेच गेले. कधी अंधारच. कधी भिंत सुंदर आली, वीट न् वीट मोजून घ्यावी, आणि घुबड नाही. एकदा भोकात एक पांढरा फराटा आला. फोटोबाईने उड्या मारायच्याच बाकी ठेवल्या आणि तो फोटो दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं: “टॉवेल वाळत घातलाय का कोणी?”

टॉवेल! हा माणूस! लहानपणी स्वतः अंधारात एकटा मोरीत जायला घाबरायचा, दाराबाहेर आईला गाणं म्हणायला लावायचा, आणि आज हा आईला भ्रमिष्ट ठरवतोय? फोटोबाई भांडी घासताना त्याच्याशी भांडायची, बसच्या रांगेत भांडायची, तळघरात शिशाचा जाड एप्रन चढवताना भांडायची. त्या भांडणांत ती नेहमी जिंकायची. एकदा तर कोणाच्या तरी गुडघ्याचा फोटो काढताना तिच्या तोंडून निघून गेलं, “आईच्या जिवावर उठलाय मेला!” आणि तो बिचारा रुग्ण श्वास रोखूनच राहिला.

राग दादावर होता, हे खरं. पण रोज भिंतीआडून धावत यायचं आणि रोज ते भोक रिकामं बघायचं, याने माणसाच्या मनाचं काय होतं? एके संध्याकाळी ती आली, भोकाकडे बघितलं, आणि मग भोक सोडून आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कामावर बघायची तशी. डोळे कुठे लागलेत, हात थरथरतोय का, बोलताना जीभ अडखळते का.

“नक्की दिसलं ना गं तुला?” तिने विचारलं. अगदी मऊ आवाजात, लहान मुलाला विचारतात तसं.

“दिवा लाव,” आई एवढंच म्हणाली.

त्या रात्री झोपण्याआधी फोटोबाईने खिडकीची खालची कडी घट्ट लावून घेतली. उगीच आपली, काळजी म्हणून. आणि टेबलावरची ती रंगीत पुस्तिका, जी ती रोज रद्दीत टाकीन म्हणत होती, ती तिने उचलली, दोन पानं उलटली आणि परत तिथेच ठेवली.

शेवटच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी तर तिचा धीरच सुटला. वायर हातात घेऊन ती दाराकडे निघाली तशी आई कडाडली.

“दे ते बटण इकडे!”

“अगं, तुला नाही जमणार.”

“वर्षानुवर्षं एक्स्चेंजमध्ये फोन जोडायच्या खुंट्या खुपसल्यात मी, एक बटण नाही दाबता येणार? तुझं काय चुकतं सांगू? मी ‘आलं’ म्हटलं की तू दाबतेस. तेव्हा ते नुकतं बाहेर येत असतं, मान हलवत असतं. मग ते काठावर बसतं. अगदी निवांत. चांगला उजेड असतो तेव्हा. पण तोवर तू धाडधाड पाय आपटत येतेस आणि ते आत पळतं. तू जा. तुझ्या भिंतीमागे जाऊन उभी राहा, आणि येऊ नकोस मी हाक मारेपर्यंत.”

फोटोबाई गेली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. बोळातून कोणाची तरी सायकल गेली. मग बटणाचा बारीकसा आवाज, आणि लगेच परत एकदा. तरी आईने हाक मारली नाही. ती बसून होती, आपल्याशीच काहीतरी पुटपुटत. अखेर म्हणाली, “गेलं उडून. ये आता.”

फोटोबाईने कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा डोळ्यांजवळ धरला. आणि तिथे ते होतं! भोकाच्या काठावर नखं रोवून बसलेलं, छातीवर बारीक ठिपके, पांढरंशुभ्र तोंड, आणि दोन काळेभोर डोळे थेट कॅमेऱ्यात. पासपोर्टलाही इतका सरळ फोटो कोणी देत नाही.

“आई!” ती किंचाळलीच. “अगं आई, खरंच आहे की गं!”

आणि तिने आईला मिठी मारली, तिचे गाल ओढले, खोलीभर नाचली. दादाच्या नाकावर कसा टिच्चून फोटो दाखवणार ते दहादा बोलून दाखवलं. आई हसली नाही. दमली असेल, असं फोटोबाईला वाटलं.

रविवारी दादा आला तो बॅग घेऊनच. रिकामी, नवी, चाकांची. ती दारात ठेवताना त्याला निदान लाज वाटायला हवी होती, पण नाही.

फोटोबाईने त्याला बसूही दिलं नाही. खालच्या लग्नफोटोवाल्याकडून मोठा छापून घेतलेला फोटो तिने त्याच्या तोंडासमोर धरला. “हे घे. टॉवेल म्हणे! बघ, टॉवेलला डोळे आहेत का? चोच आहे का? काय रे, आता का दातखीळ बसली?”

दादाने चष्मा वर केला, खाली केला. फोटो उजेडात नेला. खिडकीतून डोकावून समोरचं भोक आणि फोटोतलं भोक, भोवतीच्या विटा, सगळं ताडून बघितलं. धंदाच तो. मग खुर्चीत बसला आणि कान चोळत म्हणाला, “अरेच्चा. म्हणजे आहे की खरोखर.”

“आहे की! आणि आईचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे. माफी माग तिची.”

“मागतो ना. त्यात काय?” दादा जरा ओशाळला होता. तसा दुष्ट नव्हता तो. “आई, चुकलं माझं. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. आता वृद्धाश्रमाचा विषय बंद. झालं समाधान?”

फोटोबाईने विजयी मुद्रेने आईकडे बघितलं. आई खुर्चीत ताठ बसली होती. तिने फोटोकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

“आणि फोटो आला नसता तर?” आईने विचारलं.

“म्हणजे?” दादा म्हणाला.

“मराठीतच बोलतेय मी. फोटो आला नसता तर? घुबड तिथेच असतं, मीही हीच असते, हेच डोळे, हेच डोकं. पण फोटो आला नसता. मग काय केलं असतंत? भरली असती ना ती बॅग?”

दादा जमिनीकडे बघायला लागला. तेव्हा फोटोबाईला चेव चढला. “बोल ना आता! हेच, हेच मी महिनाभर सांगतेय याला! स्वतःच्या आईवर विश्वास नाही आणि...”

“तू गप्प बस,” आई म्हणाली.



“त्याचं सोड. तो लांब राहतो, फोनवर ऐकतो, त्याला काय कळणार? पण तू? तू या घरात असतेस. रोज म्हणत होते, इथे ये, माझ्याजवळ बस, आपोआप दिसेल. एक दिवस बसलीस? फोटो बघून ‘खरंच आहे की गं’ म्हणून कोण ओरडलं? खिडकीला कडी कोणी घातली? ते चकचकीत पुस्तक रात्री कोण चाळत होतं? मला चालता येत नाही, पण दिसतं सगळं.” आईने बोट फोटोबाईकडे रोखलं. “महिनाभर माझ्या बाजूने भांडलीस. भावाशी भांडलीस, जगाशी भांडलीस. एकदा तरी मनात म्हणालीस का, आई म्हणते म्हणजे असेल?”

फोटोबाईला खूप काही सांगायचं होतं. कॅमेरा कोणी आणला, पाळी कोणी बदलून घेतली, कोणासाठी. शब्द अगदी ओठांवर होते. पण आई तिच्याकडे सरळ बघत होती आणि उत्तराची वाट बघत होती. ‘हो, म्हणाले होते’ एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढंच तिला म्हणता येईना.

दादाने उठून बॅग दाराबाहेर नेऊन ठेवली. आईने फोटो उचलला, न बघताच उलटा करून टेबलावर ठेवला, आणि दोघांनाही म्हणाली, “जेवून घ्या. मला आत्ता नको.”